शुक्रवारी सर्व्हर बंद होणार होता

माझ्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून कॉम्प्युटरमधलं सामान हलवते." शेजारीण विचारायची, म्हणजे पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांसारखं? सासूबाई म्हणायच्या, "तसंच, पण हिला टेम्पो लागत नाही." तेव्हा मी चिडायचे. आता वाटतं, माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मलाही जमलेली नाही.

वेबसाइट हवेत नसते. ती कुठल्या तरी कॉम्प्युटरवर ठेवलेली असते. त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात आणि त्यावरची जागा भाड्याने देणारा तो होस्टिंगवाला. साइटचं नाव मात्र वेगळ्याच ठिकाणी नोंदवलेलं असतं, त्याला डोमेन म्हणतात. नाव एकीकडे आणि जागा दुसरीकडे, हे माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना साइट बंद पडेपर्यंत माहीत नसतं. तुम्ही नाव टाइप केलंत की कुठल्या सर्व्हरवर जायचं, हे सांगणारी एक नोंद असते. होस्टिंग बदलायचं म्हणजे सगळा ऐवज नव्या सर्व्हरवर न्यायचा आणि ती नोंद बदलायची. ऐकायला अर्ध्या तासाचं काम.

ग्यानबाची मेख अशी, की जगभरचे कॉम्प्युटर ती नोंद पाठ करून ठेवतात. तुम्ही बदललीत तरी कोणाला पाच मिनिटांत कळतं, कोणाला दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात काही माणसं जुन्या जागी येतात, काही नव्या जागी. दोन्हीकडे दार उघडं पाहिजे आणि आत तोच माल पाहिजे. साइट एक मिनिटही बंद न पडता हे झालं, तर काम झालं म्हणायचं. आणि तसं झालं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मॅडम, तुम्ही नक्की काही केलंत ना?"

माझं ऑफिस डोंबिवलीत, मानपाडा रोडवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माझे वडील इथूनच पुढे एमआयडीसीत कापड रंगवायच्या कंपनीत होते. शिफ्ट संपवून घरी आले की त्यांच्या नखांत त्या दिवसाचा रंग असायचा, आणि आज कुठला माल निघाला ते आम्ही त्यावरून ओळखायचो. माझ्या कामाचा असा रंग कुठे लागत नाही. त्यांना मी काय करते ते दाखवायचं म्हणून एकदा ऑफिसात आणलं. तासभर माझ्यामागे बसले आणि म्हणाले, "तू नुसती बघत बसतेस." मी म्हटलं, "बाबा, बघत बसणं हेच मोठं काम आहे." त्यांना पटलं नाही.

या धंद्यातले बहुतेक लोक असली कामं रात्री करतात. मी दिवसा करते, शक्यतो सकाळी अकराला. रात्री काही अडलं तर होस्टिंगवाला झोपलेला, गिऱ्हाईक झोपलेलं आणि आपलं डोकंही झोपलेलं. दिवसा निदान सगळे फोन उचलतात. बाकी दोन नियम सोपे आहेत. चौदा एप्रिलला मी सर्व्हरला हात लावत नाही, त्या दिवशी आमच्या घरात कोणीच कामाचं नसतं. आणि ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या साडीवाल्यांचं नवरात्रात काही हलवत नाही. त्यांच्यातल्या एका शेठने फार आग्रह धरला होता. घटस्थापनेचाच मुहूर्त पाहिजे म्हणाले. मी त्यांना समजावलं, "शेठ, नवी जागा काहींना त्या मिनिटाला दिसेल, काहींना संध्याकाळी. मुहूर्त कोणाचा धरायचा?" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, बटण तेवढं मुहूर्तावर दाबा. पुढचं देवी बघेल." मी पितृपक्ष लागायच्या आधीच त्यांचं काम उरकून दिलं आणि घटस्थापनेला त्यांच्यासमोर एक बटण दाबलं. ते बटण प्रिंटरचं होतं.

अभिमानाच्या गोष्टी सांगायच्या तर आधी एक चूक सांगितली पाहिजे. नाहीतर हे सगळं बढाई वाटेल.

सुरुवातीच्या काळात कल्याणच्या एका वधूवर मंडळाची साइट मी हलवली. साइट एक क्षणही बंद पडली नाही. फोटो, माहिती, सगळं जसंच्या तसं. मी खूश. पण डोमेनच्या नावाने ईमेलही येत असते, आणि ती कुठे पोचवायची याची नोंद वेगळी असते. ती मी नव्या जागी घालायला विसरले. नऊ दिवस मंडळाला आलेली पत्रं परत गेली किंवा जुन्या पेटीत पडून राहिली, आणि त्या पेटीत कोणी डोकावत नव्हतं. त्यात साताऱ्याकडच्या एका मुलाच्या घरचा होकार होता. मुलीकडचे वाट बघत राहिले, मुलाकडच्यांना वाटलं यांना रस नाही, आणि स्थळ मोडलं.

मुलीचे वडील माझ्या ऑफिसात आले. मी मनाची तयारी केली की आता हे ओरडणार. ते ओरडले नाहीत. समोरच्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साइट छान दिसते हो तुमची." मग उठून गेले. त्यानंतर मी कोणत्याही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारते: मेल कुठे येते, आणि ती कोण वाचतं?

हाच प्रश्न मी अलका जोशींना फोनवर विचारला, तेव्हा खरी अडचण बाहेर आली.

जोशीबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सत्तरीच्या, आवाज अजून वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. तो सोमवार होता.

"कांबळे मॅडम बोलत आहात का? आपला परिचय नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तुमचं नाव दिलं. माझ्याकडे एक चिठ्ठी आली आहे आणि तिचा अर्थ मला लागत नाही. वाचून दाखवू?"

"वाचा ना."

"'शुकरवारी सरवर बंद. सगला जाईल. फोन करा.' एवढंच आहे. शुद्धलेखनाबद्दल क्षमा करा, ते माझं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोंबिवली-कल्याण भागातल्या रक्तदात्यांची एक यादी होती. कोणाचा रक्तगट कुठला, कोण कुठे राहतं, शेवटचं कधी दिलं. रुग्णाच्या नातेवाइकांनी साइटवर मागणी टाकायची, जवळचे दाते शोधले जायचे. ही साइट अशोक म्हात्रे नावाच्या गृहस्थांनी स्वतः बनवलेली. म्हात्रे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. शिक्षण आयटीआयचं, पण यूट्यूब बघून बघून त्यांनी ही साइट उभी केली. त्यांच्या धाकट्या भावाला अपघातानंतर वेळेवर रक्त मिळालं नव्हतं. जोशीबाई आणि आणखी दोघं-चौघं त्यांना मदत करायचे. दीड वर्षापूर्वी म्हात्रे अचानक गेले. साइट मात्र चालू राहिली, म्हणून कोणी त्यात लक्ष घातलं नाही.

"मेल कुठे येते?" मी विचारलं.

"मागण्यांची मेल मला येते," त्या म्हणाल्या. "होस्टिंगची वगैरे अशोकरावांनाच येत असणार. म्हणजे... कोणालाच नाही."

हेच झालं होतं. होस्टिंग कंपनी लहानशी होती आणि ती धंदा आवरत होती. आपापला माल हलवा, अशी पत्रं त्यांनी म्हात्रेंना तीनदा पाठवली होती. उत्तर नाही म्हणून शेवटी तिथल्या एका मुलीने नोंदीतल्या मोबाइलवर फोन केला. तो म्हात्रेंच्या पत्नीने, वंदनावहिनींनी उचलला. ऐकलं तेवढं कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं आणि रिक्षा करून त्या जोशीबाईंच्या घरी गेल्या. जोशीबाई डॉक्टरकडे गेलेल्या, म्हणून चिठ्ठी दारात सरकवली.

हातात चार दिवस होते. पासवर्ड एकही नव्हता. डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला मी लगेच कळवलं. त्यांचं म्हणणं, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पाठवा, दहा कामाच्या दिवसांत बघू. नियम म्हणून बरोबरच होतं. पण शुक्रवार काही दहा दिवसांनी येणार नव्हता.

मंगळवारी सकाळी जोशीबाई आणि मी म्हात्रेंच्या घरी गेलो. मानपाड्याच्या मागे जुनं गावठाण आहे, आता चारी बाजूंनी टॉवर. मध्येच ही दहा-बारा घरं अंग चोरून उभी. वंदनावहिनी साठीच्या आतल्या, उंच, नऊवारी नव्हे पण पदर खोचून काम करणाऱ्या. मी कामाचं काढलं तशी त्यांनी हात वर केला.

"तुमी बसा आधी. च्या घ्या. मना कॉम्प्युटरमधला काय बी कलत नाय, ते आधीच सांगते."

"वहिनी, कॉम्प्युटर नको. अशोकरावांचा मोबाइल आहे का अजून?"

"हाय ना. चालू हाय."

मला हायसं वाटलं आणि आश्चर्यही. माणूस गेल्यावर लोक नंबर बंद करतात किंवा मुलाला देतात. मी विचारलं, "चालू कसा ठेवलात?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. खिडकीत ठेवलेला, जुना, काच तडकलेली. वहिनींनी तो उचलला आणि दुसऱ्या हाताने फळीवरची एक जाडजूड डायरी ओढली.

"हां, बोला. कनचा ग्रुप? ... किती बाटल्या? ... डाक्टरनी कागद दिलाय ना? ... पेशंट कुठं हाय, कल्यानला का उल्हासनगरला? ... थांबा, मी सांगते तुमाला."

डायरी उघडली. म्हात्रेंच्या अक्षरात पानंच्या पानं नावं. बोट एका ओळीवर थांबलं, दुसरा फोन लागला. "ए संतोष, तुला तीन महिने झालं काय रं? ... झालं ना? मंग जा. आदी खाऊन जा, उपाशी नको जाऊ."

पाच मिनिटांत प्रकरण मिटलं. त्यांनी डायरीत तारीख टाकली आणि डायरी परत फळीवर ठेवली. चहा उकळून वर आला होता, तो उतरवला.

जोशीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या होत्या. "वंदना, हे तू किती दिवस करते आहेस?"

"ते गेले तवापासून."

"दीड वर्ष? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुमी विचारलं कुठं?" वहिनी साधेपणाने म्हणाल्या. "साइटवर त्यांचाच नंबर हाय. लोक फोन करतात. कोनी तरी उचलाया पायजे ना."

नंतर रिक्षात जोशीबाई मला म्हणाल्या, "मी समजत होते की मागण्या फक्त मेलने येतात आणि बाकी ती साइट आपोआप चालते. आम्ही मीटिंगमध्ये तसा ठराव लिहिला आहे. 'संकेतस्थळ समाधानकारकपणे कार्यरत आहे.'"

पण त्याआधी पासवर्डचं काम झालं. ते मी केलं नाही, वहिनींनी केलं. मी मुद्दाम हात मागे बांधून त्यांच्या बाजूला उभी राहिले. दुसऱ्याच्या मेलमध्ये शिरायचा मला हक्क नाही, त्यांना होता. फोनवर म्हात्रेंची मेल उघडीच होती, न वाचलेल्या पत्रांनी भरलेली. डोमेनच्या पानावर 'पासवर्ड विसरलो' दाबलं की मेलवर एक लिंक आणि मोबाइलवर सहा आकडे. वहिनी ते आकडे एकेक करून मोठ्याने वाचायच्या आणि तितक्याच सावकाश टाइप करायच्या. दोनदा वेळ संपली. तिसऱ्यांदा दार उघडलं.

"आता नवा पासवर्ड घाला," मी म्हटलं. "मला सांगू नका, कागदावर लिहून तुमच्याजवळ ठेवा."

त्या मला पाठमोऱ्या होऊन टाइप करत बसल्या. काय घातला ते मला आजही माहीत नाही. होस्टिंगचं दारही तसंच उघडलं. मग त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीने, मी पहिलं काम केलं. मघाशी सांगितलं ना, जगातले कॉम्प्युटर पत्ता पाठ करून ठेवतात. तो किती वेळ पाठ ठेवायचा हे आपल्याला आधीपासून कमी करून ठेवता येतं. तिथे एक दिवस लिहिलेला होता, मी पाच मिनिटं केला. हे बदलाच्या दिवशी करून उपयोग नसतो, निदान दिवसभर आधी करावं लागतं. नवशिके इथेच फसतात.

बुधवारी सगळा माल नव्या सर्व्हरवर आणला. नोंद अजून जुन्याच जागेकडे बोट दाखवत होती, त्यामुळे जगाला काही दिसत नव्हतं. फक्त माझ्या लॅपटॉपला मी सांगून ठेवलं होतं की तू नव्या जागी जा. ही आमची रंगीत तालीम. साइट उघडली. रंग, चित्रं, फॉर्म, सगळं ठीक. रक्तगट ठीक. फोन नंबर ठीक. आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी, नुसती प्रश्नचिन्हं.

मराठी मजकूर हलवणाऱ्याला हा राक्षस कधी ना कधी भेटतोच. अक्षरं साठवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, आणि म्हात्रेंनी शिकत शिकत एकाच यादीत दोन पद्धती वापरलेल्या. इंग्रजी अक्षरांना फरक पडत नाही, देवनागरीचा मात्र चुथडा होतो. एका पद्धतीतली नावं लगेच सुधारली. दुसरी पद्धत ओळखायला मला दुपार गेली. संध्याकाळी चारला नावं दिसू लागली, पण मला खात्री नव्हती. 'शिंदे'चं 'शदि' झालेलं मला एका नजरेत कळेल. 'माने' आणि 'मोने' यांतला फरक मला कसा कळणार?

जोशीबाईंना फोन केला. त्या आल्या, सोबत वहिनींना घेऊन. जोशीबाईंनी चष्मा पुसला, जुन्या साइटवरून छापलेल्या यादीचे कागद मांडीवर घेतले आणि पेपर तपासावेत तशी लाल पेनने तपासणी सुरू केली. मी नव्या यादीतलं नाव वाचायचं, त्यांनी जुन्यातलं बघायचं. वहिनींचं काम आम्ही काही ठरवलेलं नव्हतं. त्या खिडकीशी डायरी घेऊन बसल्या होत्या.

"रमेश पाटील, निळजे, ओ पॉझिटिव्ह," मी वाचलं.

"बरोबर," जोशीबाई.

"बरोबर नाय," वहिनी म्हणाल्या. "त्यो आता पनवेलला राहतो. नंबर बी बदललाय."

मी दुरुस्त केलं. पुढचं नाव. त्याच्या पुढचं.

"ही पोर लगीन होऊन पुन्याला गेली."

"ह्याला साखर निघाली, इन्सुलिन चालू हाय. ह्याला नका बोलवू."

"ह्यो गेला बिचारा. काढा."

जोशीबाईंनी लाल पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कांबळे मॅडम, मी अक्षरं तपासते आहे आणि ही माणसं तपासते आहे." मग त्यांनी आपली खुर्ची ओढून वहिनींच्या शेजारी नेली. सगळी यादी काही त्या संध्याकाळी संपण्यासारखी नव्हती. पण ज्यांना वारंवार बोलावलं जातं ती नावं झाली. दीड वर्ष साइटवर जी माहिती शिळी होत चालली होती, ती वहिनींच्या डायरीत आणि डोक्यात रोज ताजी होत होती.

गुरुवार, सकाळी अकरा. आम्ही तिघी माझ्या ऑफिसात. वहिनींनी म्हात्रेंचा फोन टेबलावर ठेवला होता.

नुसती माहिती दाखवणारी साइट हलवणं सोपं असतं, जुनी आणि नवी दोन्ही सारखीच दिसतात. पण इथे लोक मागण्या लिहीत होते. कोणी जुन्या जागी येऊन मागणी टाकली आणि ती जुन्याच यादीत राहिली, तर ती शुक्रवारी कचऱ्यात जाणार. म्हणून मी अशा वेळी एक गोष्ट करते, जिचा मला खरोखर अभिमान आहे. यादी एकच ठेवायची, नव्या जागेवर. आणि जुन्या सर्व्हरवरच्या साइटला सांगायचं की तुझी वही मिटव, यापुढे नव्या वहीत लिही. मग माणूस कुठल्याही दाराने येवो, लिहिलं जाणार एकाच ठिकाणी.

बुधवारनंतर जुन्या वहीत आलेलं नव्या वहीत उतरवण्यापुरतं, एक मिनिटभर, नवं लिहिणं थांबवावं लागलं. वाचणं थांबलं नाही. ते एक मिनिट मी कबूल करते. मग जुन्या साइटवरून एक खोटी मागणी टाकून बघितली, नव्या वहीत आली. मेल जोशीबाईंच्या फोनवर आली. दोनदा खात्री केली. मग नोंद बदलली.

"झालं?" जोशीबाईंनी विचारलं.

"झालं. आता बघत बसायचं."

माझ्या पडद्यावर दोन खिडक्या होत्या, एकीत जुन्या जागी येणारे लोक, दुसरीत नव्या. नवीत एक आला. मग तिघे. जुनीतले कमी होत चालले. पण कधीच पाच मिनिटांत सगळे येत नाहीत, काही फोन हट्टी असतात. पावणेबाराच्या सुमारास जुन्या बाजूला एक ओळ हलली आणि त्याच क्षणी जोशीबाईंचा फोन वाजला. मेल होती. मागणी. बी निगेटिव्ह, दोन बाटल्या, कल्याणचं एक हॉस्पिटल, बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही.

जुन्या दाराने आलेली, नव्या वहीत लिहिलेली. माझ्या जागी कोणी घाईघाईने, नुसती नोंद बदलून मोकळं झालं असतं, तर ही ओळ जुन्या यादीत पडली असती. फॉर्म भरणाऱ्याला 'मागणी नोंदवली आहे' असं दिसलं असतं, आणि तो वाट बघत बसला असता. वाट बघणं काय असतं ते मला एकदा समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने दाखवलं होतं.

वहिनी तोवर डायरीत पोचल्या होत्या. बी निगेटिव्ह म्हणजे मोजकीच माणसं. पहिल्याने फोन उचलला नाही. दुसऱ्याला ताप. तिसरा शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेला, टेम्पो चालवणारा.

"टेम्पो ठेव बाजूला," वहिनी म्हणाल्या. "कोनाच्या तरी बाइकवर बस. ... अरे माल जात नाय कुठं. बाय चालली ना तिकडं." मग आवाज उतरवून, "तुजी आई होती तवा कोन आलेला, आठवतं ना?"

जोशीबाईंनी दुसरा दाता गाठला, एक बँकेतल्या बाई, ठाण्याहून निघाल्या. सव्वा तासाने टेम्पोवाल्याचा फोन आला. रक्त देऊन बाहेर पडला होता. बँकेतल्या बाईही पोचल्या. त्या बाळंतिणीचं पुढे काय झालं, हे मला सांगता येणार नाही. नातेवाइकांनी परत फोन केला नाही, आणि वहिनी म्हणाल्या की बहुतेक कोणीच करत नाही. "नाय आला फोन तर बरं समजायचं. रडायाला असतं ना, तर लोक फोन करतात."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जुन्या जागी येणारं कोणी उरलं नाही. शुक्रवारी दुपारी होस्टिंग कंपनीने सर्व्हर बंद केला. मी पडद्यासमोर होते. जुनी खिडकी काळी झाली, नवीत लोक येत-जात राहिले. डोंबिवली-कल्याणमध्ये कोणाला काही कळलं नाही. जोशीबाईंनी मात्र फोन करून विचारलं, "बंद पडला का हो तो?" मी हो म्हटलं. "जाणवलंच नाही," त्या म्हणाल्या. या धंद्यात मला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक.

मग डोमेन कोणाच्या नावावर करायचं हा प्रश्न आला. कागदपत्रं दिल्यावर ते बदलता येणार होतं. जोशीबाईंनी यादीचं काम बघणाऱ्यांची बैठक घेतली आणि मला फोनवर ठराव वाचून दाखवला: संकेतस्थळाचे मालक आणि प्रमुख, श्रीमती वंदना अशोक म्हात्रे. वहिनींना ते अजिबात मान्य नव्हतं. "मना लिवता येतं पोस्टातल्या फॉर्मएवढं," त्या म्हणाल्या. जोशीबाईंनी त्यांना आठवड्यातून तीन दुपारी शिकवायला सुरुवात केली. मीही मधूनमधून जायचे. डायरीतली एकेक ओळ साइटवर चढू लागली. वेळ लागायचा. एका नावाला दहा मिनिटं, कारण प्रत्येक नावामागे एक हकिकत असायची आणि ती सांगितल्याशिवाय वहिनी पुढे सरकायच्या नाहीत.

माझ्याकडे आता बऱ्याच साइट्स आहेत. प्रत्येकीवर नजर ठेवणारी यंत्रणा मी लावलेली आहे. कुठे काही बिघडलं तर गिऱ्हाइकाच्या आधी मला कळतं, याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी मी भाजी निवडत होते, तेव्हा वहिनींचा फोन आला.

"म्याडम, साइट स्लो झाली हाय."

मी मोबाइलवर पाहिलं. माझी यंत्रणा हिरवी दाखवत होती. "वहिनी, तुमचं नेट असेल."

"नेट नाय. मी शेजारच्या पोराच्या फोनवर बी पायलं. नाव शोधलं की थांबते. काल नव्हती थांबत."

मी लॅपटॉप उघडला. सर्व्हरची जागा भरत आली होती आणि शोध अडखळत होता. आणखी काही तासांनी साइट पडली असती. माझ्या यंत्रणेला साइट उघडते की नाही एवढंच कळत होतं, नाव शोधताना किती थांबते हे तिला विचारायला मी विसरले होते. यंत्रणा लावल्यापासून पहिल्यांदाच गिऱ्हाइकाने माझ्याआधी दुखणं पकडलं होतं.

"वहिनी, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "दहा मिनिटं द्या मला."

"दहाच हां," त्या म्हणाल्या. "लोक थांबलेत."